आधी भाओना बघ, मग अंकीया नाट वाच

चि. लेकी,
अनेक आशीर्वाद.

आसामच्या नाटकावरच्या लेखमालेचे तुझे खर्डे मिळाले. सवडीने वाचले. समासात पेन्सिलीने बरंच लिहिलं आहे, पानं परत येतील तेव्हा बघशीलच. मेहनत ओळीओळीत दिसते. सनावळ्या बरोबर आहेत, नावं बरोबर आहेत, वैष्णव संत-नाटककार शंकरदेवांची आज हाती असलेली सहाही नाटकं तू दिली आहेस: ‘पत्नीप्रसाद’, ‘कालियदमन’, ‘केलिगोपाल’, ‘रुक्मिणीहरण’, ‘पारिजातहरण’ आणि ‘रामविजय’. तरीही पहिला लेख संपला तेव्हा त्यात मला एकही जिवंत माणूस भेटला नव्हता. नाटक कोणी उभं केलं, कुठे केलं, बघायला कोण बसलं होतं, खर्च कोणी उचलला, यातलं काहीच त्यात नाही. आसामच्या नाटकावर लिहिताना हे चालायचं नाही, कारण तिथे नाटक हे गावाचं काम असतं. लेखक असतो, नट असतात, पण नाटक गावाचं असतं. एवढं एक सूत्र हाताशी धरलंस तर पंधराव्या शतकापासून आजपर्यंतचा पसारा तुला आवरता येईल. नाहीतर लेखमाला म्हणजे नावांची जंत्री होऊन बसेल.

तेव्हा शंकरदेवांच्या जन्मसालापासून सुरुवात करू नकोस. 1449 आणि 1568 हे आकडे लेखात कुठेतरी येऊ देत, त्यांना दारात उभं करायची गरज नाही. नामघरापासून सुरुवात कर. आसामातल्या बहुतेक वैष्णव गावांत नामघर असतं. तिथे नामकीर्तन होतं, गावाची बैठक भरते, तंटे मिटवले जातात आणि तिथेच नाटक होतं. लांबट मोठा मंडप, पूर्वेच्या टोकाला मणिकूट नावाचा गाभारा. त्यात मूर्तीऐवजी आसनावर भागवताची पोथी. उंच रंगमंच नाही, विंग नाही. मधली वाट मोकळी, दोन्ही बाजूंना चटयांवर माणसं. नट याच वाटेने माणसांमधून चालत येतात. प्रेक्षक, पात्रं आणि पोथी असे तिघेही एकाच जमिनीवर असतात, आणि ही नुसती बसण्याची सोय नव्हे. शंकरदेवांनी आपला एकशरण धर्म ज्या समजुतीवर उभा केला, ती समजूत या बैठकीत उतरलेली आहे.

आता प्रयोगाकडे ये. लिहिलेल्या नाटकाला अंकीया नाट म्हणतात आणि त्याच्या प्रयोगाला भाओना. तुझ्या लेखात हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी आले आहेत, ते दुरुस्त कर. भाओना ठरते ती गावच्या बैठकीत. कोणतं नाटक घ्यायचं, कृष्ण कोण, नारद कोण, सूत्रधाराची जबाबदारी कोणाला झेपेल, हे जाणती माणसं ठरवतात. मग रात्री कामधंदा आटोपून आखरा सुरू होतो, म्हणजे तालमी. दुकानदार, शाळामास्तर, शेतकरी, कॉलेजातली पोरं. एरवी कोणी कोणाचं ऐकत नसलं तरी आखऱ्यात म्हाताऱ्या बायनाचा, म्हणजे वादकाचा, शब्द चालतो. ज्या गावात भाओना बघायला जाशील तिथे शक्य असेल तर आठवडाभर आधी पोच आणि तालमी बघ. प्रयोगाच्या रात्री तुला सगळं सजलेलं दिसेल. पात्राला घाम फुटतो तो तालमीत, आणि सूत्रधाराचं पद चुकतं तेव्हा कोपऱ्यातली आजी ते कसं दुरुस्त करते तेही तालमीतच कळतं.

प्रयोगाची सुरुवात फार लक्ष देऊन बघ, कारण बाहेरून येणारे अभ्यासक नेमके इथेच घड्याळ बघू लागतात. प्रवेशाच्या बाजूला अग्निगड उभारलेला असतो, दिव्यांची कमान. दोन माणसं एक पांढरं वस्त्र आडवं धरून उभी राहतात, ते आँर-कापोर. त्यामागून गायन-बायन, म्हणजे गाणारे आणि वाजवणारे, येतात: पांढरी वस्त्रं, पांढऱ्या पगड्या, बायनांच्या गळ्यात ‘खोल’ नावाचं मृदंगासारखं वाद्य, गायनांच्या हातात मोठे ताल म्हणजे झांजा. वस्त्र बाजूला होतं आणि धेमाली सुरू होते. धेमाली म्हणजे नाटकाआधीचं वादन. पण त्याला नुसतं वादन म्हणणं अपुरं आहे, कारण वाजवणारे नाचतही असतात. बसतात, उठतात, वळतात, रांगा मोडून पुन्हा जुळवतात, आणि खोलाचा एकही ठोका चुकत नाही. लय संथ असते. मग हळूहळू चढते. धेमालीचे प्रकार अनेक आहेत, आणि कोणत्या गावात कोणती वाजते हे तिथल्या बायनालाच विचार. पोथीतली यादी उतरवू नकोस. हे बराच वेळ चालतं. कथा अजून सुरूही झालेली नसते, पण लहान मुलं जागी झालेली असतात आणि मंडपातली कुजबुज थांबलेली असते. माणसांची गर्दी सभा होते ती या वादनाने.

मग सूत्रधार येतो. तोही त्या वस्त्रामागूनच. आधी नमस्कार, मग नाच, मग संस्कृत नांदी, मग भटिमा म्हणजे स्तुतिगीत. त्यानंतर मात्र तो जात नाही. संस्कृत नाटकात प्रस्तावना झाली की सूत्रधाराचं काम संपतं, शंकरदेवांचा सूत्रधार शेवटच्या मुक्तिमंगल भटिमेपर्यंत रंगावर असतो. कोण येतंय ते सांगतो, काय घडलं ते गद्यात समजावतो, गातो, नाचतो, रेंगाळलेला प्रसंग पुढे ढकलतो. नाटकांची भाषा ब्रजावली, रोजच्या बोलीहून वेगळी, त्यामुळे भाषेत कुठे अडलेल्या प्रेक्षकाचा हात धरणारा माणूस तोच. ज्या काळी बहुतेक माणसांच्या हाती पोथी येण्याची शक्यता नव्हती, त्या काळी भागवत गावात पोचवायचं तर मध्ये उभा राहणारा असा माणूस हवाच होता. तुझ्या लेखमालेत एक अख्खा लेख सूत्रधारावर असावा असं मला वाटतं. तुला तो लिहिता येईल, कारण तू स्वतः रंगमंचावर उभी राहिलेली आहेस.

इथे एक सावधगिरी. आपल्याकडे 1843 मध्ये सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, त्यातही सूत्रधार पदं म्हणत कथा पुढे नेत होता. कोकणातल्या दशावतारातही रात्रभर चालणारा खेळ, पूर्वरंग, मुखवटे, देवळासमोरची मोकळी जागा, हे सगळं आहे. मराठी वाचकाला हे सांगावंसं वाटणं स्वाभाविक आहे आणि एका वाक्यात जरूर सांग. पण साम्य दिसलं म्हणून नातं जोडू नकोस. एकाने दुसऱ्याकडून घेतलं असं म्हणायला हातात पुरावा लागतो. तसंच शंकरदेवांना ‘आसामचे तुकाराम’ म्हणणं आजच सोडून दे. तुझ्या दुसऱ्या खर्ड्यात ते तीन ठिकाणी आलं आहे. शंकरदेव संत होते, कवी होते, नाटककार होते, रागदारीतल्या बरगीतांचे, म्हणजे भक्तिगीतांचे, रचनाकार होते. बारपेट्याच्या विणकरांकडून त्यांनी कृष्णलीला विणलेलं वृंदावनी वस्त्र करून घेतलं, आणि त्या परंपरेतलं एक लांब वस्त्र आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. अशा माणसाला दुसऱ्याच्या नावाने ओळखायला लावलं तर वाचक जेवढं आधीच जाणतो तेवढंच त्याच्या पदरात पडतं.

खरं नातं सांगायचं असेल तर विनोबांचं सांग. भूदानयात्रेत 1961 आणि 1962 मध्ये ते आसामात पायी फिरले. शंकरदेवांचे शिष्य माधवदेव यांची ‘नामघोषा’ त्यांनी मूळ असमियातून वाचली आणि तिच्यातून निवड करून ‘नामघोषा-सार’ तयार केलं. उत्तर लखीमपूरला त्यांनी मैत्री आश्रम सुरू केला. ज्ञानेश्वरी आणि गीता ज्याच्या रक्तात होती असा मराठी माणूस साठीच्या पुढे एक नवी भाषा शिकतो आणि तिच्यातला ग्रंथ हृदयाशी धरतो, हे मला फार मोठं वाटतं. तू पंचविशीही ओलांडलेली नाहीस. असमिया लिपी तुला काही आठवड्यांत येईल. ती बंगालीच्या अगदी जवळची आहे, पण तिचा र वेगळा आणि व स्वतंत्र. तिला ‘बंगाली लिपी’ म्हणून मोकळी होऊ नकोस. त्या एका उल्लेखाने तिथल्या माणसाच्या मनात काय हलतं, ते पुढे लिहितो.

लिपी आली की ‘पारिजातहरण’ मूळात वाच. का, ते सांगतो. नरकासुराचं प्राग्ज्योतिषपूर म्हणजे आजच्या गुवाहाटीचा परिसर अशी तिथे धारणा आहे, त्यामुळे या पुराणकथेतलं युद्ध तिथल्या माणसाला घरच्या अंगणातलं वाटतं. आणि पारिजातावरून सत्यभामा आणि इंद्राची शची भांडतात तो प्रसंग बघ. शंकरदेवांनी या दोघींना पाणवठ्यावरच्या बायकांची भाषा दिली आहे. एकमेकींच्या नवऱ्यांचे दोष काढून त्या भांडतात. मंडपात हशा उसळतो आणि त्याच मंडपात घटकेपूर्वी लोक हात जोडून बसलेले असतात. भक्तिनाट्य म्हणजे गंभीर चेहरे, ही आपली समजूत या एका प्रसंगाने मोडते. माधवदेवांच्या झुमुरांमध्ये, म्हणजे छोट्या नाटकांमध्ये, हे आणखी पुढे गेलं आहे. ‘चोरधरा’ आणि ‘पिंपरा गुचुवा’ यांत लोणी चोरणारा बाळकृष्ण सापडल्यावर काय काय थापा मारतो ते वाच. ब्रह्मचारी राहिलेल्या या माणसाला लहान मुलाचं मन इतकं बारीक कसं कळलं, यावर एक छोटा, हळुवार लेख होईल.

मुखवट्यांबद्दल तू ‘सुंदर’, ‘रंगीबेरंगी’, ‘पारंपरिक’ असे तीन शब्द लिहिले आहेत. ते खोड आणि ब्रह्मपुत्रेतल्या माजुली बेटावर जा. जोरहाटजवळच्या निमाती घाटावरून बोट मिळते, पलीकडे कमलाबारी. तिथून सामगुरी सत्र गाठ. सत्र म्हणजे वैष्णव मठ, आणि सामगुरीचं सत्र मुखवट्यांसाठी ओळखलं जातं. तिथल्या हेमचंद्र गोस्वामींना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, आणि 2024 मध्ये माजुलीच्या मुखवट्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. पण मानांकनाची बातमी वाचकाला कुठेही वाचायला मिळते. तू काम बघ. बांबूच्या पातळ काड्या पाण्यात भिजवून षटकोनी जाळीसारखा सांगाडा विणतात. कुंभाराच्या मातीच्या पातळ लगद्यात सुती कापडाचे तुकडे बुडवून त्यावर चढवतात. ते वाळलं की माती आणि शेण कालवून भुवया, नाक, गालांची हाडं भरतात. पुन्हा उन्हात. मग बांबूच्या पातीने घासून गुळगुळीत करतात आणि त्यानंतर रंग. जुन्या पद्धतीत हेंगुळाचा लाल आणि हरताळाचा पिवळा. हातात घेतल्यावर मुखवट्याचं वजन इतकं कमी लागतं की चेहऱ्याचा धाक आणि हाताला लागणारा हलकेपणा यांचा मेळच बसत नाही. तो हलकाच हवा, कारण घालणाऱ्याला त्यात नाचायचं असतं, गदा फिरवायची असते, श्वास घ्यायचा असतो. मुखमुखा फक्त चेहऱ्यावर येतो, लोटोकारी मुखवट्याचे भाग हलतात, आणि छो-मुखा म्हणजे रावण-कुंभकर्णासारखे प्रचंड देह, ज्यांत माणूस अख्खा शिरतो. कोणता मुखवटा कोणत्या पात्राला, आणि तो घातल्यावर संवाद कसे ऐकू जातात, हे विचार. बोलताना जबडा हलावा, डोळे फिरावेत यासाठी तिथे काय काय सुधारणा झाल्या तेही विचार, म्हणजे परंपरा जागच्या जागी थिजलेली नसते हे तुला वेगळं लिहावं लागणार नाही.

माजुलीत एक गोष्ट दिसेल आणि ती मन दुखवेल. ब्रह्मपुत्रा हे बेट दरवर्षी कापत नेते. गेल्या शतकभरात बेटाचा निम्म्याहून अधिक भाग गेला, सत्रंही जागा सोडून सरकली, काही पार किनाऱ्यापलीकडे गेली. यावर लिहिशील तेव्हा हळहळ व्यक्त करून थांबू नकोस. सत्र हललं की त्याच्याबरोबर काय हलतं? पोथ्या, सांचिपातावरची, म्हणजे झाडाच्या सालीवरची, हस्तलिखितं, खोल, मुखवटे हे नेता येतं. नामघराभोवतालची वस्ती, जमीन कसणारे, मुलाला सत्रात आणून सोडणारे आईबाप यांना नेता येत नाही. सत्रिया नृत्याला 2000 साली संगीत नाटक अकादमीची शास्त्रीय नृत्य म्हणून मान्यता मिळाली आणि ते दिल्ली-मुंबईच्या रंगमंचावर पोचलं, याचा मला आनंदच आहे. पण ते नृत्य ज्या कीर्तनघरात रोजच्या उपासनेचा भाग म्हणून होतं, त्या कीर्तनघराखालची जमीन टिकते की नाही, हा प्रश्न त्या मान्यतेने सुटत नाही.

गावाचं काम म्हणजे किती मोठं काम, हे पाहायचं असेल तर शोणितपूर जिल्ह्यात जामुगुरीहाटच्या बारेचहरीया भाओनेबद्दल माहिती काढ. अठराव्या शतकाच्या शेवटापासून ही प्रथा चालत आली आहे. काही वर्षांच्या अंतराने ती भरते. मध्ये एक केंद्र आणि त्याभोवती कमळाच्या पाकळ्यांसारखे मंडप. प्रत्येक मंडप एका गावाचा. सगळी गावं आपापलं नाटक एकाच वेळी करतात. शेजारच्या मंडपातला खोल आपल्या मंडपात ऐकू येतो, प्रेक्षक एका गावाच्या कृष्णाकडून दुसऱ्या गावाच्या रामाकडे चालत जातात. आपल्या सवयीप्रमाणे कोणतं नाटक सर्वात चांगलं झालं हे तू विचारशील. तिथली माणसं कोणतं गाव आलं आणि कोणतं आलं नाही, याबद्दल बोलतात.

आता ती भाषेची गोष्ट. इंग्रजांनी 1826 मध्ये यांदाबूच्या तहाने आसाम घेतला. 1836 मध्ये तिथल्या कचेऱ्यांत आणि शाळांत बंगाली आणली गेली, आणि असमिया परत आली ती 1873 मध्ये. मधली 37 वर्षं आसामच्या मुलाला स्वतःच्या भाषेत सरकारी शाळा नव्हती. ज्या भाषेत चौदाव्या शतकात माधव कंदलींनी रामायण रचलं, ज्या भाषेत भट्टदेवांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस भागवत आणि गीता गद्यात आणली, ज्या भाषेत बुरंज्या म्हणजे बखरी लिहिल्या गेल्या, ती स्वतंत्र भाषाच नाही असं तिला ऐकावं लागलं. लिपीच्या उल्लेखाबाबत सांभाळून राहा म्हणालो ते याच्यासाठी. शिवसागरच्या अमेरिकन बाप्टिस्ट मिशनऱ्यांनी 1846 पासून ‘ओरुनोदोई’ हे मासिक छापलं, आनंदराम ढेकियाल फुकनांनी सरकारपुढे भाषेची बाजू मांडली. हे सगळं तुझ्या खर्ड्यात आहे. पण नाटकाशी त्याचा सांधा तू जोडला नाहीस, आणि मला तोच सर्वात मोलाचा वाटतो. आधुनिक असमिया नाटक जन्मलं ते याच 37 वर्षांत. विधवाविवाहाचा प्रश्न मांडणारं गुणाभिराम बरुआंचं ‘राम-नवमी’ 1857 चं आणि अफूच्या व्यसनावरचं हेमचंद्र बरुआंचं ‘कानियार कीर्तन’ 1861 चं. शाळेतून हद्दपार केलेल्या भाषेत ही माणसं आपल्या समाजाची दुखणी नाटकातून मांडत होती. गुणाभिरामांनी पुढे स्वतः एका विधवेशी, विष्णुप्रियादेवींशी, लग्न केलं. आपल्याकडे विष्णुशास्त्री पंडितांच्या चळवळीबद्दल वाचलेल्या वाचकाला हे लगेच भिडेल.

ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्र सरकारने मराठीला आणि असमियाला एकाच निर्णयात अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपल्या वर्तमानपत्रांत मराठीचा जल्लोष झाला. सोबत आलेल्या असमियाबद्दल दोन परिच्छेद कोणी लिहिले असतील तर मला ते दिसले नाहीत. तुझ्या लेखमालेची जागा तिथे आहे.

‘जोनाकी’ हे नियतकालिक, लक्ष्मीनाथ बेजबरुआ आणि त्यांची ऐतिहासिक नाटकं यांवर तू चांगलं लिहिलं आहेस, त्यात फार हात घालू नकोस. ज्योतिप्रसाद आगरवालांवर मात्र थांब. तेजपूरच्या बाण थिएटरच्या वातावरणात वाढलेला हा मुलगा, त्याचं घराणं मुळात राजस्थानातून आलेलं, आणि ‘शोणित कुंवरी’ लिहायला घेतली तेव्हा तो शाळकरी वयात होता. पुढे ‘कारेंगर लिगिरी’, ‘रूपालीम’, बेचाळीसच्या धामधुमीवरची ‘लभिता’. त्यांनी 1935 मध्ये ‘जयमती’ हा पहिला असमिया चित्रपट केला. त्यासाठी भोलागुरीच्या चहामळ्यात स्टुडिओ उभारला आणि घरची पुंजी त्यात घातली. या पराक्रमाचं कौतुक तू केलंस. ऐदेउ संदिकैंचं नाव मात्र एका ओळीत आटोपलंस. त्यांना पूर्ण परिच्छेद दे. जयमतीची भूमिका करणारी ही गोलाघाटकडची खेड्यातली मुलगी. पडद्यावर तिने परक्या पुरुषाला पती म्हणून हाक मारली, एवढ्यावरून गावाने तिला दूर केलं. तिचं लग्न झालं नाही. पुढचं लांबलचक आयुष्य तिने बहुतांशी एकटीने काढलं आणि 2002 मध्ये ती वारली.

हे मी मुद्दाम सांगतो. नाटक गावाचं असतं असं आपण प्रेमाने म्हणतो तेव्हा गावाचा धाकही त्याच्याबरोबर येतो. सत्रातल्या भाओनेत स्त्रियांच्या भूमिका शतकानुशतकं पुरुषांनी केल्या. बारपेटा सत्राच्या कीर्तनघरात परंपरेने स्त्रियांना आत जाता येत नाही. तू मुलगी आहेस, तुला हे दारातच भेटेल. ते लपवू नकोस आणि त्यावरून सगळ्या परंपरेवर फुलीही मारू नकोस. आज किती ठिकाणी मुली भाओनेत उतरतात, सत्रिया नृत्य शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या किती जणी आहेत, हे तू स्वतः बघून लिही. ऐदेउंची गोष्ट आणि आजच्या खोल वाजवणाऱ्या मुलीची गोष्ट एकाच लेखात राहू शकतात.

भ्राम्यमाण थिएटरला तू ‘व्यावसायिक, सवंग’ म्हणून बाजूला ठेवलंस. हे मला पटलेलं नाही. पाठशाळा नावाच्या लहान गावातून 1963 मध्ये अच्युत लहकरांनी नटराज थिएटर सुरू केलं. मंडप, खुर्च्या, दिवे, विजेची सोय, नट, स्वयंपाकी असं सगळं सोबत घेऊन गावोगाव फिरणारं नाटक. शेजारी शेजारी दोन रंगमंच, एकावर प्रवेश संपतो तोवर दुसऱ्यावर पुढचा तयार. पावसाळा ओसरताना हंगाम सुरू होतो आणि बोहाग बिहूच्या आसपास संपतो. या लोकांनी ‘टायटॅनिक’ रंगमंचावर बुडवून दाखवलं, ती चमत्कृती सगळे सांगतात. तू त्यांचा हिशेब बघ. मंडळीला बोलावते ती गावातली समिती. उत्पन्नातला वाटा त्या समितीकडे राहतो, आणि त्यातून शाळेची खोली होते, नामघराचं छप्पर होतं, क्लबाची इमारत होते. म्हणजे तंबू, तिकीट, प्रखर दिवे आले तरी नाटक बोलावणारं आणि पोसणारं गावच राहिलं. संहितांवर टीका कर, त्यातला भडकपणा दिसला तर तसं लिही, पण ही रचना समजून घेतल्यावर लिही. पश्चिम आसामात एखाद्या गावी पहिल्या खेळाच्या संध्याकाळी तिकीट खिडकीच्या आत बसायला मिळालं तर बस. अर्धा लेख तिथेच होईल.

आणि गोआलपाड्याजवळचं रामपूर सोडू नकोस. शुक्राचार्य राभांनी मणिपूरचे नाट्यदिग्दर्शक हैस्नाम कन्हाईलाल यांच्याकडे धडे घेतले आणि गावी परतून बादुंगदुप्पा कलाकेंद्र उभं केलं. शालवृक्षांच्या राईत त्यांचा नाट्यमहोत्सव भरतो. वीज नाही, ध्वनिक्षेपक नाही, दिवसाउजेडी प्रयोग, बांबूच्या बैठका. राभांचं 2018 मध्ये अकाली निधन झालं, तरी केंद्र चालू राहिलं. तिथे राभा भाषेतली नाटकं होतात. तुझ्या लेखमालेचं नाव ‘असमिया नाटक’ आहे. आसामात बोडो, मिसिंग, कार्बी, राभा, देउरी आहेत, चहामळ्यांत पिढ्यानपिढ्या राबणारी आणि झुमुर नावाचं नृत्य करणारी माणसं आहेत. नाव ‘आसामचं नाटक’ असं कर आणि त्या नावाला जागशील एवढं फीर.

काही कामाच्या गोष्टी. असमियात लिहिलेला स आणि बोललेला आवाज यांत अंतर आहे, सत्र हे ते ‘खत्र’च्या जवळ उच्चारतात. तू लेखनाप्रमाणे नावं दे किंवा उच्चाराप्रमाणे, पण सगळीकडे एकच पद्धत ठेव. आत्ता एकाच पानावर दोन्ही आहेत. ‘लुप्त होत चाललेली कला’ हे शब्द कोणत्याही कलेमागे लावण्याआधी ती करणाऱ्या तीन माणसांना तसं वाटतं का ते विचार. ‘ईशान्य भारत’ असं एकच गाठोडं बांधू नकोस. सत्रात चपला बाहेर, भक्तांना अंगाला स्पर्श करायचा नाही, फोटोआधी परवानगी. कोणी गामोसा (विणलेलं उपरणं) दिला तर दोन्ही हातांनी घे, आणि मनाने मोठा पाहुणचार झाला आहे हे ओळख. भाओना संपल्यावर भिजवलेले हरभरे, मूग, आलं, खोबरं असा माह-प्रसाद वाटतात. तो घ्यायला थांब. पहाटेच्या त्या घटकेला माणसं सर्वात मोकळेपणाने बोलतात, आणि तुझ्या वहीत सर्वात चांगली वाक्यं तेव्हा पडतील. ज्यांनी ती सांगितली त्यांना लेख छापल्यावर पाठव. मराठी त्यांना वाचता येणार नाही, तरी देवनागरीतलं आपलं गावाचं नाव ते ओळखतात.

वाचनासाठी महेश्वर नेओगांपासून सुरुवात कर. शंकरदेव आणि त्यांचा काळ या विषयावर त्यांच्याइतकं काटेकोर काम सापडणं कठीण. गुवाहाटीला उतरशील तेव्हा पांजाबारीच्या शंकरदेव कलाक्षेत्रात एक दिवस घाल आणि राज्य संग्रहालयातली हस्तलिखितं बघ. पण जाण्याचा बेत कार्तिकी पौर्णिमेभोवती आखलास तर उत्तम, माजुलीत तेव्हा रासलीलेचा उत्सव असतो आणि सगळं बेट जागं असतं. राहण्याची जागा खूप आधी पक्की कर.

पुढचा खर्डा पाठवशील तो फक्त सूत्रधारावरचा पाठव. बाकीचे लेख तोवर बाजूला ठेव. एका प्रयोगातला एक सूत्रधार, तो दिवसा काय काम करतो, हे कोणाकडून शिकला, कुठे अडखळला आणि कोणत्या पदाला मंडप त्याच्याबरोबर गाऊ लागला, एवढंच हवं. पंधराशे शब्द पुरेत. शंकरदेवांचं जन्मसाल त्यात आलं नाही तरी चालेल.

तुझ्या आईला नमस्कार सांग. प्रवासात प्रकृती सांभाळ.

तुझा,
सर